वाद्य शिकायचं राहून गेलं असेल, तर चातुर्मासात सुरुवात करा

१९५१ सालच्या ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ कुठेही लागलं की पाय ठेका धरतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बोंगो असं सगळं त्यात आहे, आणि सत्तर वर्षं उलटून गेली तरी त्यातला जोम उतरलेला नाही. पण ऐकून झालं की बऱ्याच जणांच्या मनात एक चुटपुट राहते. हे वाजवणाऱ्यांचं इतकं कौतुक वाटतं, आणि आपल्याला मात्र एकही वाद्य येत नाही. लहानपणी कुणी शिकवलं नाही, मग नोकरी, शेती, मुलांची शिक्षणं, आणि आता वय झालं. ज्यांना हे वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे, मग तुम्ही चाळिशीतले असा की पासष्टीचे, सावेडीत राहत असा की अकोल्यात.

अशा गाण्यांत जो जॅझचा रंग आहे, त्याचा आणि आपल्या नगर जिल्ह्याचा काय संबंध, असं वाटत असेल तर पुणतांब्यापासून सुरुवात करावी लागेल. गोदावरीकाठच्या या गावात, चांगदेवांच्या समाधीच्या गावात, १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. तेच संगीतकार सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे ते रीतसर गाणं शिकले आणि पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले. या शास्त्रीय पायावर उभं राहून त्यांनी ‘शहनाई’ (१९४७), ‘अलबेला’ आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांत जॅझचा आणि लॅटिन ठेक्यांचा रंग असा मिसळला की तो हिंदी गाण्याचाच होऊन गेला. ‘ईना मीना डीका’ ‘आशा’मधलंच. हे त्यांनी एकट्याने केलं नाही. त्यांच्या वादकांत गोव्याचे जॉन गोम्स होते, आणि ट्रम्पेटवर चिक चॉकलेट होते. चिक यांचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. लुई आर्मस्ट्राँगला आदर्श मानून ते वाजवत, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड असे, आणि ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. १९६७ मध्ये ते गेले. नगरमध्ये १६ एप्रिल १९१८ रोजी, म्हणजे सी. रामचंद्रांनंतर तीनच महिन्यांनी, स्पाइक मिलिगन हाही जन्मला. लष्करातल्या आयरिश बापाचा हा मुलगा पुढे इंग्लंडमध्ये विनोदकार म्हणून गाजला, पण त्याआधी तो जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट आणि गिटार वाजवत असे. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात जन्मलेली ही दोन माणसं. शिकणाऱ्याला यातून एवढा धीर नक्की मिळतो की आपण काही भलतंच मागत नाही.

मग आपलं राहून का गेलं? वेळ नव्हता, पैसा नव्हता ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. गोव्यात चर्चच्या शाळेत लहान मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. मुंबईच्या स्टुडिओंत गोवेकर वादकांची इतकी गरज पडली ती त्यामुळेच. आपल्याकडे गाणं, तबला, पेटी ही घरंदाज समजली गेली. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट मात्र लग्नाच्या बँडमधल्या माणसांची वाद्यं ठरली. त्या माणसांकडे आपण वरातीत नाचताना पाहिलं, आणि त्यांना पंगतीत शेवटी बसवलं. हलगी, सनई, बँड वाजवणारे बहुतेक ज्या जातींतून आले त्या जातींना आपण जसं वागवलं, तसंच त्यांच्या वाद्यांनाही वागवलं. मुलाला ट्रम्पेट शिकवायचं हे अनेक घरांत सुचलंच नाही, त्याचं मोठं कारण हे आहे असं मला ठामपणे वाटतं.

आणि जॅझ जन्मला तो नेमका असल्याच बँडमधून. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजवणारे काळ्या लोकांचे बँड होते, त्यांच्या पितळी वाद्यांतून हे संगीत फुटलं. आर्मस्ट्राँग कॉर्नेट शिकला तो १९१३ मध्ये, मुलांच्या सुधारगृहात, तिथल्या बँडमध्ये. म्हणजे ज्याचं आपल्याला इतकं कौतुक, ते शिकण्याची सगळ्यात जवळची जागा आपल्या गल्लीतल्या बँडच्या कचेरीत आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी थोडी तयारी.

वाद्य विकत घेण्यापूर्वी ऐकणं बदला. आपण गाणं सबंध ऐकतो, त्यामुळे आपल्याला नेमकं काय आवडलं हे कळत नाही. ‘ईना मीना डीका’ हेडफोन लावून ऐका आणि फक्त फुंकीच्या वाद्यांच्या मागे जा. गाणारा काय म्हणतो तिकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्या दिवशी तेच गाणं फक्त ढोल आणि झांजेसाठी ऐका. आठवडाभर असं केलं की एखादं वाद्य तुम्हाला पुन्हापुन्हा खेचतं, आणि ते वाद्य कधीकधी तुमच्या कल्पनेतलं नसतं. ट्रम्पेट हवं म्हणणाऱ्या माणसाचा कान प्रत्यक्षात क्लॅरिनेटकडे वळलेला असतो. या एका आठवड्याने पुढचा बराच पैसा वाचतो.

आता पेटी गाठा. घरात नसेल तर गावच्या विठ्ठल मंदिरात असतेच. काळी दोन हा सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे पाच सूर मिळतील. हे धानी रागाचे सूर, आणि भीमपलासाचा आरोहही हाच. जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लूजचेही हेच पाच सूर आहेत. आता काळी चार आणि काळी पाच यांच्यामधली पांढरी पट्टी, म्हणजे तीव्र म, नुसती स्पर्श करून सोडा. त्या एका सुराने रंग पालटतो, आणि अमेरिकेतल्या मिसिसिपीकाठचं काहीतरी भजनाच्या पेटीतून ऐकू येऊ लागतं. चुकीची पट्टी दाबण्याची भीती इथे नाही, कारण काळ्या पट्ट्यांपैकी कुठलीही कुठल्याहीनंतर चालते. तीन सूर घ्या आणि त्यांच्यातच पाच मिनिटं फिरा. मनाने रचत वाजवणं म्हणतात ते इथूनच सुरू होतं, त्यासाठी दहा वर्षं थांबायचं नसतं.

सूर ओळखीचे निघाले तरी चाल वेगळी आहे, आणि खरी मेहनत तिथेच लागते. जॅझमध्ये एका मात्रेतले दोन सूर सारख्या लांबीचे नसतात. मात्रेचे तीन भाग कल्पा. पहिले दोन भाग एका सुराला, तिसरा दुसऱ्याला. ढोलकीवर लावणीचे तोडे ज्यांनी जवळून ऐकले आहेत, आणि संगमनेर-जामखेडच्या बाजूला असे कान पुष्कळ आहेत, त्यांना हा झोका लवकर सापडतो. दुसरं, टाळी. चार मात्रांत आपण पहिलीवर जोर देतो, सम गाठायची सवय असते. जॅझ ऐकताना टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. पहिल्या दिवशी हात हटकून पहिल्या मात्रेवर पडेल. मोटारसायकलवर, गोठ्यात, स्वयंपाक करताना, कुठेही हा सराव होतो.

वाद्य हातात येईपर्यंत तोंडानेही काम सुरू ठेवा. १९८८ मध्ये बॉबी मॅकफेरिन या जॅझ गायकाचं ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गाण्यात एकही वाद्य नाही, सगळे आवाज गळ्याचे आणि अंगावर मारलेल्या थापांचे आहेत. आणि शीर्षकातले शब्द मेहेरबाबांचे. अरणगावजवळच्या मेहेराबादच्या या बाबांचं वाक्य सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जॅझ जोडप्याच्या घरी भिंतीवर लागलं होतं, तिथे ते मॅकफेरिनने वाचलं. तबल्याचे बोल पाठ म्हणणारी आपली परंपरा या बाबतीत फार पुढे आहे, तिचा फायदा घ्या. जे तोंडाने म्हणता येतं तेच हात लवकर शिकतात.

वाद्य निवडताना आवडीइतकाच शरीराचा विचार करा. ट्रम्पेटला पुढचे दात पक्के हवेत. पुढे कवळी असेल तर ते अवघड जातं. काचबिंदू, हर्निया किंवा चढा रक्तदाब असेल तर जोराने फुंकायची वाद्यं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे टाळू नका. क्लॅरिनेटची भोकं बोटांनी पूर्ण झाकावी लागतात, म्हणून फार बारीक बोटांना सुरुवातीला त्रास होतो. ऑल्टो सॅक्सोफोनमधून पहिला आवाज मात्र लवकर निघतो, बोटांची ठेवणही सोपी. त्याचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं आणि ते गळ्यातल्या पट्ट्यावर येतं. मान दुखत असेल तर खांद्यांवर भार घेणारा पट्टा मिळतो. नव्या माणसाने सॅक्सोफोनची रीड दीड किंवा दोन नंबरचीच घ्यावी, जाड रीड घेऊन दम काढण्यात काही शौर्य नाही. गिटारची बोटं पहिले काही आठवडे दुखतात. भांडी-धुणं झाल्यावर लगेच गिटार घेऊ नये, पाण्याने मऊ झालेल्या बोटांना तारा जास्त लागतात. आणि ज्याला पेटी येते त्याने तिच्याकडे पाठ फिरवू नये. पियानोची वाट तिथूनच जाते, सी. रामचंद्रही पेटीवालेच होते.

आता शिक्षक. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, अशा प्रत्येक मोठ्या गावात लग्नाचे बँड आहेत. त्यांत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, कुठे कुठे सॅक्सोफोन वाजवणारे मुरलेले वादक असतात. ऐकलेलं गाणं तासाभरात बसवण्याची त्यांची तयारी संगीत विद्यालयातल्या पदवीधराकडेही क्वचित दिसते. त्यांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि आषाढाच्या तोंडाशी संपतो. आषाढी ते कार्तिकी हे चार महिने, पोळा, गणपती आणि नवरात्रातले दिवस सोडले, तर त्यांच्या हाताला काम कमी असतं. डीजे आल्यापासून तर हंगामातही कमी झालं आहे. तेव्हा आषाढी झाली की बँडच्या कचेरीत जा. सकाळी दहानंतर जा. मास्तरांना मास्तर म्हणा आणि सरळ सांगा की मला शिकायचंय, लग्नाची सुपारी घेऊन आलो नाही. पहिल्यांदा त्यांना खरं वाटणार नाही, कारण शिकायला म्हणून पांढरपेशा घरातून त्यांच्याकडे फारसं कुणी गेलेलंच नाही.

बिदागी आधी ठरवा, महिन्याची ठरवा आणि महिन्याच्या सुरुवातीला द्या. तुम्ही आजारी पडून दोन दिवस गेला नाहीत तरी पैसे कापू नका. मास्तर गावात असतील तर त्यांच्याच जागेवर जाऊन शिका, त्यांना घरी बोलावून बसवून ठेवू नका. त्यांना स्टाफ नोटेशन येत नसेल, येतही असेल. येत नसेल तर वाचन दुसरीकडे शिका. त्यासाठी शहरातल्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारे उपयोगी पडतात. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, तेव्हापासून प्रार्थनेतल्या समूहगायनाची सवय इथे आहे. भिंगार छावणीच्या परिसरात लष्करी बँडमधून निवृत्त झालेलं कुणी आहे का, याचीही चौकशी करा. लष्करात वाचून वाजवायला शिकवतात. एकाकडून हात, दुसऱ्याकडून वाचन, असं दोन ठिकाणी शिकण्यात काही कमीपणा नाही. यूट्यूबवरून गाणी, ठेके, इतिहास खुशाल शिका, पण ओठांची ठेवण आणि श्वास हे समोर बसलेल्या माणसाकडूनच. ओठ चुकीचे बसले की ती सवय मोडायला शिकण्याहून जास्त दिवस लागतात.

वाद्य नवीन घ्यायची घाई नको. पहिले दोन महिने मास्तरांचंच जुनं वाद्य भाड्याने मागा. मग जुनं घ्यायचं ठरलं तर त्यांना बरोबर न्या. ट्रम्पेटचे तिन्ही व्हॉल्व्ह न अडखळता वर येतात का, नळीला डाग दिलेले आहेत का, सॅक्सोफोनच्या गाद्या भोकांवर नीट बसतात का, हे त्यांना हात लावताच कळतं. आपल्याकडे बँडची बरीच पितळी वाद्यं मेरठहून येतात. त्यांत चांगलीही असतात आणि बेसूरही, म्हणून मोबाइलवर फुकट मिळणारा ट्यूनर लावून प्रत्येक सूर तपासून घ्या. नवीनच हवं असेल तर मुंबईला धोबीतलावावर फुर्तादोसारखी जुनी दुकानं आहेत, तिथे चार वाद्यं वाजवून बघता येतात.

ट्रम्पेट घेतलंत तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्या, नाहीतर पेटीवाल्याशी कायम भांडण होईल. ट्रम्पेटचा मोकळा सा पेटीच्या काळी पाचवर येतो. क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन यांचंही तसंच, तर ऑल्टो सॅक्सोफोनचा सा काळी दोनवर. एकही व्हॉल्व्ह न दाबता फक्त ओठ आणि श्वास बदलून ट्रम्पेटवर सा, प, वरचा सा आणि त्यावरचा ग निघतो. पहिला महिना सा आणि प एवढंच करा, लांब, न थरथरता. मग सप्तक. सा मोकळा, रे ला पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह, ग ला पहिला आणि दुसरा, म ला पहिला, प पुन्हा मोकळा, ध ला पहिला-दुसरा, नि ला नुसता दुसरा, वरचा सा मोकळा. एवढ्यावर ‘रघुपती राघव’सारखी धून बसते, आणि ती बसली की घरच्यांचा विरोध मावळतो.

रोज वीस मिनिटं पुरेत. रविवारी तीन तास फुंकून ओठ सुजवून घेण्याचा काही उपयोग नाही. फ्लॅटमध्ये असाल तर ट्रम्पेटसाठी म्यूट मिळतं. सॅक्सोफोनला ते फारसं लागू पडत नाही, तिथे खोलीत गोधड्या टांगा आणि शेजाऱ्यांना वेळ सांगून ठेवा. शेत असेल तर तुमच्याइतका भाग्यवान कुणी नाही. विहिरीजवळ उभं राहून मोकळ्या रानात काढलेला लांब सूर श्वास जितका वाढवतो, तितका खोलीतला वाढवत नाही. पावसाळ्यात सॅक्सोफोनच्या गाद्या चिकटतात, वाजवून झालं की पातळ कागद मध्ये दाबून ओल काढा. नगरच्या कोरड्या थंडीत वाद्य आधी हातांनी आणि श्वासाने गरम करून मगच सूर जुळवा, कारण थंड वाद्य उतरलेलं असतं.

सहा महिन्यांनी बारा मापांचा ब्लूज शिका. जॅझमधल्या असंख्य रचना याच साच्यावर उभ्या आहेत. चार-चार मात्रांची बारा मापं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पेटीवाल्याने पहिल्या चार मापांत सा-ग-प-कोमल नि एकदम दाबायचे. पुढच्या दोन मापांत म-ध-सा-कोमल ग, मग दोन मापं पुन्हा पहिला गट. नवव्या मापात प-नि-रे-म, दहाव्यात पुन्हा म चा गट, आणि शेवटची दोन मापं घरी, सा वर. हे फिरत राहिलं की त्याच्यावर तुम्ही ते धानीचे पाच सूर वाजवायचे. गंमत अशी की खालचा ग शुद्ध आणि तुमचा ग कोमल. शास्त्रीय कानाला पहिल्यांदा हे टोचेल. टोचू द्या. ब्लूजची सगळी हुरहुर त्या दोन गंधारांच्या घासण्यात आहे, आणि आठवडाभरात कानाला त्याची ओढ लागते.

हे एकट्याने करू नका. जॅझ ही सोबतीची कला आहे, आणि आपल्या गावांत सोबतीची कमतरता नाही. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला आणि ढोलकी किंवा तबला वाजवणाऱ्या एखाद्याला आठवड्यातून एका संध्याकाळी बोलवा. महिला भजनी मंडळं बऱ्याचदा काळी चार-पाचच्या आसपास गातात, त्यांच्याबरोबर ट्रम्पेट-क्लॅरिनेटची पट्टी सहज जमते. पुरुषांची मंडळं काळी एकमध्ये गात असतील तर नवशिक्या ट्रम्पेटवाल्याची तारांबळ उडते, तिथे काळी पाचमध्ये म्हणायची विनंती करा. जुन्या पेट्या कधीकधी मुळातच थोड्या चढ्या-उतरत्या असतात, मग ट्रम्पेटची मोठी सरकनळी आत-बाहेर करून तुम्हीच जुळवून घ्या.

नातवंडं बरोबर शिकत असतील तर फारच छान. पण तुमचं राहून गेलं म्हणून नातवाच्या गळ्यात सॅक्सोफोन अडकवू नका. त्याला क्रिकेट आवडत असेल तर क्रिकेट खेळू द्या. घरात एक माणूस रोज संध्याकाळी वाद्य काढतो, एवढं त्याच्या नजरेला पडत राहिलं तरी पुष्कळ झालं.

आणि चिक चॉकलेटसारखं वाजवता येईल का, याचं उत्तर नाही असं आहे. ते लहानपणापासून वाजवत होते आणि रोज रात्री तास न् तास वाजवत होते. पन्नाशीत सुरू करणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. तुमच्या वाट्याला हे येतं की वर्षभराने ‘शोला जो भडके’ लागलं तर ट्रम्पेटवाला कुठे श्वास घेतो हे तुम्हाला ऐकू येईल, आणि त्या ओळीतल्या दोन जागा स्वतःच्या ओठांनी काढता येतील. कौतुक त्याने कमी होत नाही, उलट कशाचं कौतुक करायचं ते कळतं.

कार्तिकी झाली, तुळशीचं लग्न लागलं की मास्तर गडबडीत जातील. त्याआधी त्यांच्याकडून हंगामभराचा अभ्यास लिहून घ्या, आणि तारखा नसलेल्या दिवशी तासभर येऊ का, हे विचारून ठेवा. दोन हंगाम झाले आणि मास्तर म्हणाले, तर एखाद्या वरातीत मागच्या ओळीत उभे राहा, त्यांचा गणवेश घालून. कुणा वादकाची जागा आणि त्याचा त्या रात्रीचा पैसा मात्र अडवायचा नाही. जादा माणूस म्हणून उभं राहायचं, सोप्या जागा वाजवायच्या, आणि जेवायला बँडबरोबरच बसायचं.